आपल्या गावातून पायी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा "गावातून पायी हिंडण्याविषयी बोलतो" असे आम्ही सांगितले. त्यांचा चेहरा किंचित उतरला. कामगार चळवळीतला माणूस वेतन, बोनस, फार तर नव्या कामगार कायद्यांविषयी बोलणार, ही त्यांची अपेक्षा. तीत गैर काही नाही. पण आम्हांला जे थोडेफार कळते, त्यातला निम्मा भाग सभेत किंवा कचेरीत कळलेला नाही. तो रस्त्याने चालताना कळला. शाळेशी आमचा संबंध लवकर सुटला, म्हणून दुकानांच्या पाट्या, पोत्यांवरचे शिक्के आणि माणसांचे आवाज हीच पुढची पुस्तके झाली. त्या वाचनाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आपण सारे येथले रहिवासी. देऊळगाव राजा हे काही मुंबई नव्हे की जन्म गेला तरी अर्धे पाहावयाचे राहून जावे. २०११ च्या शिरगणतीत तीस हजारांच्या आसपास भरलेले हे गाव. बसस्थानकावरून निघून बालाजीच्या मंदिरापर्यंत डोळे मिटून जाता येईल, असे आपल्यातला प्रत्येक जण म्हणेल. खरी अडचण तीच आहे. आपण डोळे मिटूनच जातो. परक्या गावी गेलेला माणूस दर दहा पावलांवर थांबतो, विचारतो, चुकतो आणि म्हणून पाहतो. स्वतःच्या गावात चुकण्याची सोय नसल्यामुळे पाहण्याचीही गरज उरत नाही. मोटारसायकलवर तर नाहीच नाही. तिच्यावर बसलेल्या माणसाला गावात दोनच वस्तू दिसतात, समोरचा खड्डा आणि आडवे आलेले जनावर.

आमची पद्धत साधी आहे. एकच रस्ता धरावा आणि तो चार वेळा चालावा: पहाटे पाचला, सकाळी अकराला, भर दुपारी दोनला आणि रात्री नऊनंतर. एकाच दिवशी चारही फेऱ्या झाल्या पाहिजेत असे नाही, पण रस्ता तोच हवा. बरोबर बोलका मित्र घेऊ नये. खिशात लहान वही असावी आणि तीत प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहाव्यात: वाजले किती, आवाज कसला आणि तो कोणाच्या हातचा. ही तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. "हातोड्याचा आवाज" एवढे लिहून भागत नाही. हातोडा लोहाराचा, गवंड्याचा की पत्र्याच्या पेट्या करणाराचा, हे उठून पाहावे लागते. कान प्रश्न विचारतो आणि पायांना उत्तर आणावे लागते, म्हणून ही फेरी पायीच व्हावयास हवी.

पहाटेपासून सुरुवात करू. पाच वाजता गावात पहिला मोठा आवाज असतो तो खराट्याचा. सफाई कामगाराचा खराटा लांब ओढीचा, एका लयीत चालणारा. अंगण झाडणाऱ्या बाईची केरसुणी आखूड, तुटक. हा फरक एकदा कानी पडला की अंथरुणात पडल्या पडल्यासुद्धा कळतो. त्यामागून दुधाच्या किटल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे जमिनीवर टाकल्याचा धप्प आवाज, पहिल्या एस. टी.चे इंजिन. आणि साडेपाच-सहाच्या सुमारास कोपऱ्याकोपऱ्यावर बायका उभ्या असलेल्या दिसतात. हातात फडक्यात बांधलेली भाकर, डोक्यावरून पदर, कोणी पायात बूट घातलेले. एक टेम्पो येतो, हॉर्न वाजतो, बायका दाटीवाटीने चढतात आणि कोपरा रिकामा होतो. सात वाजता उठणाऱ्या माणसाला ह्या बायका गावात आहेत ह्याचा पत्ताही नसतो.

त्या जातात कोठे? आपल्या तालुक्यात आणि शेजारच्या सिंदखेड राजा तालुक्यात शेतांवर जी हिरवी-पांढरी जाळी ताणलेली दिसते, त्या शेडनेटमध्ये. तेथे टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची यांची झाडे असतात, पण ती खाण्याच्या फळासाठी नव्हेत, संकरित बियाण्यासाठी. टोमॅटोचे उदाहरण घ्या. त्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. फूल आपोआप उमलू दिले तर ते स्वतःच्याच परागाने फळते आणि संकर होतच नाही. म्हणून उद्या उमलणारी कळी आज हेरावयाची, बारीक चिमट्याने तिच्यातले परागकोश काढून टाकावयाचे, पण मधल्या नाजूक दांड्याला धक्का लागू द्यावयाचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग त्या फुलाच्या टोकाला लावावयाचे आणि हे फूल झाले, अशी खूण ठेवावयाची. हे काम यंत्र करीत नाही. डोळे आणि बोटे करतात, दिवसाला शेकडो फुलांवर. देशाच्या कोठल्या तरी टोकाला शेतकरी बियाण्याची चकचकीत पुडी फोडतो, तिच्यातला एकेक दाणा अशा कोणा बाईच्या बोटांतून गेलेला असतो.

ह्या कामाला आवाज नाही. संघटनेच्या दृष्टीने आम्हांला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गिरणीचा भोंगा वाजे तेव्हा साऱ्या शहराला कळे की कामगार नावाची जात आहे. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप भोंगे थांबल्यामुळे कानांनाही कळला. पण चिमट्याने कळी सोलण्याचा आवाज कोणाला येणार? गावात त्या साऱ्या कामाचा मिळून एकच आवाज आहे, तो म्हणजे सकाळचा टेम्पोचा हॉर्न. तो जर आपण ऐकला नाही, तर ह्या गावचा एक मोठा उद्योग आपल्याला ठाऊकच नाही असे म्हणावे लागेल.

आता अकरा वाजता बाजार समितीच्या आवारात चला. येथे आवाजाला तोटा नाही. उलट कोणता ऐकावा हा प्रश्न. आम्ही प्रथम हमालाच्या पावलांकडे कान देतो. पन्नास किलोचे पोते पाठीवर असलेल्या माणसाचा पाय आणि शंभर किलोचे पोते असलेल्या माणसाचा पाय जमिनीवर वेगळा पडतो. पहिला टेकतो, दुसरा आदळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाने हाताने उचलावयाचे ओझे पंचावन्न किलोंहून अधिक असेल तेथे ते कमी करावे. त्याच्या दोनच वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. पुण्याच्या हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांनी हा ओझ्याचा प्रश्न जन्मभर लावून धरला. आमच्या ओळखीचा एक म्हातारा हमाल ह्या साऱ्यावर म्हणे, "कायदा कागदावर वाचू नका भाऊ, पाय ऐका." आम्ही त्याचा सल्ला अजून पाळतो.

बाजारातला दुसरा ऐकण्यासारखा आवाज मोजणीचा. जुन्या माणसांना आठवत असेल की धान्य मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, मग दोन, तीन, चार, अशी मोजणी मोठ्याने, सुरात चाले. आजच्या मुलांना हे ऐकून हसू येते. पण त्या मोठ्याने मोजण्यात शहाणपण होते. शेतकरी, व्यापारी, मापाडी, हमाल आणि पलीकडे बिडी ओढीत बसलेला तिऱ्हाईत, सर्वांच्या कानांवर एकच आकडा पडे. ज्याला अक्षर येत नसे त्यालाही हिशेब ऐकू येई. एक माप चुकले तर चार जण एकदम ओरडत. आता विजेचा काटा आला. काटा अचूक आहे, त्याच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. मात्र त्याचा तांबडा आकडा काट्यासमोर उभा असलेल्यालाच दिसतो, आणि समोर कोण उभा असतो हे आपण जाणता. अशा ठिकाणी मापाड्याने आकडा मोठ्याने उच्चारावा, एवढी साधी मागणी आम्ही करीत आलो आहो.

आवाजावर हिशेब अवलंबून असतो ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. पूर्वी अनेक बाजारांत दलाल आणि खरीददार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत. ज्याचा माल, तो बाजूला उभा; त्याच्या मालाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत, पण त्याला न दिसता ठरे. ह्या मुक्या व्यवहाराच्या उलट गोष्ट म्हणजे उघड लिलाव. बोली तोंडाने, सर्वांच्या समक्ष. कारंज्याला १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला तो हिंदुस्थानातला पहिला मानतात, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्या इंग्रजी कायद्याचा मूळ हेतू विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हाच होता, हे विसरून चालणार नाही. तरीही त्याच वाटेने पुढे भाव उघड बोलला जाऊ लागला. लिलावाचा तो गोंगाट आपल्याला कटकट वाटतो. मुकेपणा काय होता ते ज्यांनी भोगले, त्यांना तो वाटला नसावा.

दुपारी दोन वाजता मात्र गाव खरोखर गप्प होते. वैशाखातली दुपार, आमना नदीच्या पात्रात ऊन, रस्त्यावर कुत्रेही नाही. अशा वेळी चालणे शहाणपणाचे नव्हे, टोपी घालावी आणि सावली धरून जावे. पण ह्या वेळी काम थांबत नाही, ते फक्त आत जाते. दारे अर्धी ओढलेली. आतून शिलाई यंत्राची घरघर, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याची फटफट, कोठे पापड लाटल्याचा लाटण्याचा ठोका. पूर्वी गिरणी तेलाच्या इंजिनावर चाले तेव्हा तिच्या धुरांड्याची पुक-पुक शिवारापर्यंत जाई आणि बायका म्हणत, गिरणी सुरू झाली, दळण काढा. विजेच्या मोटारीने ती पुक-पुक बंद केली. पिंजाऱ्याच्या धनुष्याचा टणत्कार आणि कल्हईवाल्याच्या भात्याचा फुत्कार ह्यांचीही तीच गत; आमच्या वहीत त्यांची नोंद आता वर्षातून एखादी होते.

जे आवाज गेले त्यांसाठी रडत बसणारे आम्ही नव्हेत. जात्याचे उदाहरण देतो. पहाटे जाते ओढणाऱ्या बाईचे खांदे कसे भरून येत ते आम्ही आमच्या घरात पाहिले आहे; गिरणी आली हे फार चांगले झाले. पण जात्याबरोबर ओव्या गेल्या असत्या, आणि त्या गाणाऱ्या बायकांनी सासर, माहेर, दुष्काळ, भाऊ, विठोबा यांविषयी काय म्हटले होते हे कोणाला कळले नसते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. पुष्कळशा ध्वनिमुद्रितही झाल्या. काम हलके व्हावे आणि काम करणाऱ्याचा शब्द राहावा, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात.

आपल्या भाषेत ह्या हिंडण्याची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधर ह्या भागात फिरले; लोणार आणि मेहकर ह्या आपल्याच जिल्ह्यातल्या जागा त्यांच्या चरित्रात येतात. त्यांच्या पश्चात महानुभावांनी ती ती ठिकाणे पुन्हा पायी जाऊन पाहिली आणि देवळाचे दार कोणत्या दिशेला, स्वामी कोठे बसले, तेथून कोणते स्थान कोणीकडे, अशा बारीक नोंदी केल्या. चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी' ती हीच. पुढे १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले आणि पाच वर्षांनी ना. वि. जोशी यांनी पुण्याचे. मोठ्या शहरांना असे लेखक मिळाले. तालुक्याच्या गावांना बहुधा गॅझेटियरचे एक पान मिळाले, आणि तेही साहेबाच्या हातचे. परदेशात हाच उद्योग विद्यापीठांतून होतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या आर. मरे शेफर यांच्या मंडळींनी १९७५ साली युरोपातल्या पाच खेड्यांत जाऊन तेथले आवाज मोजले, नोंदले. चर्चची घंटा कोठपर्यंत ऐकू येते, कारखान्याचा भोंगा केव्हा वाजतो वगैरे. त्यांच्याकडे यंत्रे होती. आपल्याकडे आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तेव्हा यंत्राची सबब उरली नाही.

मोबाइलवरून एक सांगावयाचे राहून जाऊ नये. काम करणाऱ्या माणसाचे चित्र किंवा आवाज घ्यावयाचा तर आधी विचारावे. आम्ही एकदा न विचारता वही काढली तेव्हा एका बाईने रोखून विचारले, "काय लिहू राह्यले भाऊ? जागा खाली करायची का?" तिच्या अनुभवात वही घेऊन येणारा माणूस एवढ्याचसाठी येत असे.

ह्याच बोलण्यातल्या "लिहू राह्यले"कडेही लक्ष द्या. आपले गाव वऱ्हाडच्या काठावरचे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभारात, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले. आणि येथून काही कोसांवरचा जालना १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. पलीकडे हाली सिक्का, करोडगिरीचे नाके, उर्दू कचेऱ्या. अलीकडे इंग्रजी रुपया आणि नागपूरची सत्ता. १९५६ साली दोन्ही भाग एका राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. सरहद्द नकाशावरून पुसली गेली, तोंडातून गेली नाही. बसस्थानकाच्या बाकावर अर्धा तास बसून नुसते ऐका. "मला" आणि "मले" शेजारी शेजारी बसलेले सापडतील, आणि दोघांना एकमेकांचे नवल वाटत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण हे सारे हौसेपोटी नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली देशभर कायदा झाला. त्यात असे आहे की नगरपालिकेने दर पाच वर्षांनी तरी विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, ज्यांची नोंद होईल त्यांना प्रमाणपत्र द्यावे आणि सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणाला हुसकून लावू नये. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्क्यांहून कमी नाहीत इतके विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. कायदा चांगला आहे. पण सर्वेक्षण कोणी तरी चालत जाऊन करावयाचे असते, आणि तो माणूस किती वाजता चालतो ह्यावर सारे अवलंबून.

एका गावी, ते येथले नव्हे आणि नाव सांगण्याचे कारण नाही, मोजणी करणारे लोक अकरा वाजता आले. त्यांनी हातगाड्या मोजल्या, चपलांचे आणि फळांचे ठेले मोजले, प्रामाणिकपणे मोजले. पण मेथी, शेपू, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन खेड्यांतून येणाऱ्या बायका पहाटे साडेपाचला बसतात आणि साडेआठाला उठून जातात. अकरा वाजता त्या जागी फक्त ओली जमीन आणि चार पाने होती. यादीत त्यांचे नाव नाही. म्हणजे प्रमाणपत्र नाही. म्हणजे पुढे रस्ता रुंद झाला की त्या कोणी नव्हेतच. आम्ही आणि दोन कार्यकर्ते तीन दिवस पहाटे जाऊन वहीत नावे, जागा, वेळ उतरवून आणली आणि रीतसर दिली. काहींची नावे पुढे लागली, काहींची लागली नाहीत. ते भांडण पुरे झालेले नाही. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईला आम्ही जरा अपराधी स्वरात म्हटले, "मावशी, तुमची नोंदच नव्हती हो." ती जुड्या रचता रचता म्हणाली, "आमी तं रोज इथंच असतो भाऊ. तुमीच उशिरा येता."

हे आम्हांला चांगले झोंबले. पंचवीस वर्षे संघटनेचे काम करून आम्हीही बहुतेक अकरानंतरच गाव पाहत होतो. तेव्हापासून चार वेळांचा नियम आम्ही स्वतःला लावला.

रात्रीच्या फेरीविषयी थोडेच. नऊनंतर हॉटेलातल्या पोऱ्यांचे कपबशा विसळणे, एखाद्या घरातली दूरदर्शन मालिका, शेवटच्या बसच्या वाहकाची हाक. ध्वनिवर्धकाचा मात्र स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीचे डीजे ती पाळतात की नाही हे आपल्या खिडकीच्या काचांना विचारावे. आमचा आक्षेप कानठळ्यांपुरता नाही. मोठा आवाज लहान आवाजांना मारून टाकतो, आणि लहान आवाज गरिबांच्या कामाचे असतात.

ह्याउलट आश्विनात बालाजीचा लाठा मंडपोत्सव आठवा. राजे जगदेवराव जाधवांशी ज्याच्या स्थापनेची कथा जोडलेली आहे, त्या देवाच्या यात्रेत उंच सागवानी लाठा माणसांच्या हातांनी उभ्या राहतात. आपण वर ताणलेला मंडप पाहतो आणि गोविंदाचा गजर ऐकतो. येत्या वर्षी खाली उभे राहून दुसरे काही ऐकावे: दोर ओढताना घेतलेला श्वास, "सांभाळ", "अजून", "थांब", ह्या आज्ञा, लाकूड खड्ड्यात बसल्याचा बोदा आवाज. इतक्या माणसांचे बळ एका क्षणी एका दिशेला कसे लागते, ही संघटनेची विद्या तेथे फुकट शिकावयास मिळते.

चालकांना आमची एक सूचना आहे. ह्या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांतून चार-पाच जणांनी एकेक रस्ता वाटून घ्यावा आणि दर वसंतात एक आठवडा त्याची चार वेळांची नोंद करावी. वही वाचनालयात ठेवावी. भाषा शुद्ध असण्याची गरज नाही. वेळ मात्र बरोबर असावी. पुढचे सर्वेक्षण येईल तेव्हा ती वही टेबलावर मांडता येईल.

आमच्या वहीतल्या आज सकाळच्या नोंदी अशा आहेत. ५.१०, खराटा, बसस्थानकासमोर, बाई एकटी. ५.२५, किटल्या, सायकलवर. ५.४०, टेम्पोचा हॉर्न, दोनदा. बायका चढल्या, एक धावत आली. ५.४२, टेम्पो थांबला, तिला घेतले.